कोणत्या शाळेच्या पटावर

"शाळा पक्की झाल्याबिगर लेकरू हलायचं न्हाई," आप्पा म्हणाले, चूळ भरली आणि आत निघून गेले. विषय संपला.

आप्पा म्हणजे माझे सासरे. सिरसाळ्याच्या बाजारात त्यांचं आडतीचं दुकान आहे. शेतकऱ्यांचं सोयाबीन, हरभरा आमच्या दारात उतरतं आणि तिथंच त्याचा सौदा होतो. एका टर्मला ते पंचायत समितीवर होते. ती टर्म संपून जमाना झाला, पण आमच्या घरात अजून ठराव होतात, चर्चा होत नाही. थोरला मुलगा म्हणजे माझा नवरा. तो दुकानात बसायचा, आणि स्वभाव असा की आप्पांसमोर आप्पांचं खरं, माझ्यासमोर माझं खरं. मी परळीतल्या एका दवाखान्यात सिस्टर होते. इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा आपटी खाऊन तिसऱ्यांदा पास झाले, इंग्लंडच्या एका दवाखान्यानं मोबाईलवरच मुलाखत घेतली आणि नोकरी दिली. तिघांचे व्हिसे आले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. आप्पांनी पेढे वाटले, 'आमची सून विलायतेला चालली' म्हणून बाजारभर सांगितलं. आणि दसरा झाल्यावर एका सकाळी हा ठराव.

लेकरू म्हणजे आमची लेक. तेव्हा सात वर्षांची, दुसरीत, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिला तिथं घातलं तेही आप्पांनीच. निवडणूक जवळ आली होती आणि 'पुढाऱ्याची नात मात्र इंग्रजी शाळेत' असं कुणी म्हणायला नको होतं. पुढं त्यांना तिकीटच मिळालं नाही, पण शाळा चांगली निघाली.

"अहो, म्हणजे मी एकटीनं जायचं का?" मी नवऱ्याला विचारलं.

"आप्पा तसं कुठं म्हणले?"

"मग कसं म्हणले?"

"शाळा पक्की करा म्हणले. करू की पक्की."

करू की! करणार कोण, तर मी. हे आपले 'करू की' म्हणून दुकानाची कुलपं काढायला गेले. पण हिशोब सरळ होता. शाळा ठरली नाही तर लेक इथं राहणार, ती राहिली की हेही राहणार, आणि मी एकटी जाणार, नाहीतर जाणारच नाही. हातात साडेतीन आठवडे होते.

मला आप्पांचा राग आला होता, पण त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं हेही माहीत होतं. ते चौथीत असताना त्यांना मामाच्या गावी नेलं. इकडच्या शाळेतून नाव निघालं आणि दाखला तिकडं पोचलाच नाही. दाखला नाही म्हणून तिथं हजेरीत नाव नाही, नुसतं मागं बसू दिलं. वर्ष तसंच गेलं. मग वडिलांनी त्यांना आणून दुकानात बसवलं ते आजतागायत. "ना हितं नाव, ना तितं नाव," असं सांगताना ते अजूनही दोन्ही हात पालथे करतात.

मला वाटलं होतं, शाळेचं काय एवढं! आपल्याकडं जून आला की गुरुजीच दारोदार फिरतात, तुमचं लेकरू आमच्याकडं घाला म्हणून; पट कमी झाला तर त्यांच्याच नोकरीवर येतं. इंग्लंडमध्ये तर पायघड्या घालतील, अशा समजुतीत मी होते. म्हटलं आधी इथला दाखला काढून ठेवू, मग तिकडचं बघू.

शाळेचे हेडमास्तर पन्नाशीचे, कायम घाईत. शाळेला शिपाई नाही, त्यामुळे घंटा पण तेच देतात. त्यांनी मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, लई आनंद झाला म्हणाले. आणि मग म्हणाले, "तिकडच्या शाळेचं मागणीपत्र आणलंय का?"

"कसलं पत्र?"

"मागणीपत्र, मॅडम. नवी शाळा आम्हाला लिहिते, की या विद्यार्थिनीला आम्ही प्रवेश दिलाय, तिचा दाखला पाठवा. मग आम्ही दाखला देतो. त्याशिवाय नाही देता येत."

"सर, ती इंग्लंडची शाळा आहे."

"असू द्या. पत्र इंग्रजीत असलं तरी चालेल."

हे त्यांनी इतक्या मोठ्या मनानं सांगितलं की मला हसावं का रडावं कळेना. मग त्यांनी मोबाईल माझ्याकडं वळवला. दाखला ऑनलाइन पण काढावा लागतो म्हणे. त्यात नव्या शाळेचा कोड टाकायचा, चांगला अकरा आकडी. आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका, मग शाळा. मी राज्यांची यादी खालीवर करून बघितली. अंदमान होतं. इंग्लंड नव्हतं.

"ह्यात 'इतर' नाही का?"

"आहे की. पण 'इतर' केलं की मूल शाळाबाह्य दिसतं. मग वरून फोन येतो, हे मूल कुठं गेलं, शोधून आणा. मी कुठं शोधायला येऊ मॅडम, इंग्लंडला?"

तोही बिचारा खरंच बोलत होता. मी म्हटलं, मग मी काय करू? ते म्हणाले, पत्र आणा. आणि घंटा द्यायला उठले.

त्या दिवसापासून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. माझ्या होणाऱ्या दवाखान्याच्या आसपासच्या शाळा मी नकाशावर शोधल्या आणि सगळ्यांना मेल पाठवला: माझी मुलगी हुशार आहे, शांत आहे, तिला प्रवेश देऊन कृपया मागणीपत्र द्यावे. दोन शाळांची उत्तरं आली. एकीनं लिहिलं, आम्हाला जुन्या शाळेचा कसलाही दाखला लागत नाही, आणि प्रवेश आम्ही देत नाही, इथली नगरपालिका देते. दुसरीनं लिहिलं, आमचा तो वर्ग भरलेला आहे, नगरपालिकेकडं अर्ज केलात तर प्रतीक्षा यादीत नाव लागेल. वर एक नवीनच. वयाच्या हिशोबानं आमची दुसरीतली पोरगी तिकडं तिसऱ्या वर्षात बसणार. हे ऐकून आप्पा तेवढे खूष झाले. "वरच्या वर्गात घेत्यात म्हंजे हुशारी वळखली की त्यांनी," म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, त्यांनी तिला अजून बघितलंसुद्धा नाही. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

नगरपालिकेच्या अर्जात पहिलाच रकाना पत्त्याचा. तिथला पत्ता, आणि भाडेकराराची प्रत. आता दवाखाना आम्हाला महिनाभरापुरती खोली देणार होता, पुढचं घर आमचं आम्ही बघायचं. मग कोणता पत्ता लिहू? महिन्यानं सोडायच्या खोलीचा, का अजून डोळ्यांनीही न बघितलेल्या घराचा? शाळा घराजवळची मिळते म्हणून आधी घर पाहिजे, आणि शाळेजवळ घर बघावं तर शाळा कोणती तेच माहीत नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ती गत. खाली आणखी लिहिलं होतं की परदेशातून येणाऱ्यांनी इथं राहायला आल्यावरच अर्ज करावा. ते वाक्य मी नवऱ्याकडून वाचून घेतलं, माझ्या भाचीकडून वाचून घेतलं. दोघांनीही एकच अर्थ सांगितला.

म्हणजे इथला हेडमास्तर म्हणतो, तिथं प्रवेश झाल्याचं पत्र आणा मग सोडतो. तिथली नगरपालिका म्हणते, आधी या मग बघतो. आणि घरात आप्पा म्हणतात, दोन्ही झाल्याशिवाय हलायचं नाही. दवाखान्यात एका पेशंटला सलाईन लावताना माझा हात चुकला, त्याच दिवशी कळलं की मी किती बेजार झाले आहे.

संध्याकाळी आप्पांना सगळं समजावून सांगितलं. "तिथं ओळख, वशिला काही चालत नाही आप्पा. शाळेपासून घर किती अंतरावर, त्याच्यावर प्रवेश."

"अंतर कुठून मोजत्यात? फाट्यापासून का येशीपासून?"

"नकाशावर. सरळ रेषेत."

"मधी वढा असला तर?"

मी मोबाईल बाजूला ठेवला. आप्पा माझ्याकडं दयेनं बघत म्हणाले, "म्हंजे पक्कं काईच न्हाई. असल्या ठिकाणीच वळख लागती, सूनबाई. तू दवाखान्यातली हायस, तुला न्हाई कळायचं."

तिसऱ्या दिवशी ते तालुक्याला जाऊन पत्र घेऊन आले. आमच्या भागातल्या एका बड्या पुढाऱ्याचं लेटरहेड, गोल शिक्का, हिरवी सही. 'मा. मुख्याध्यापक, प्राथमिक शाळा, इंग्लंड' यांना ते लिहिलेलं होतं. 'सदर विद्यार्थिनी माझ्या चांगल्या परिचयाची असून तिला प्रवेश देण्यात यावा, ही विनंती.' पुढाऱ्यानं तिला जन्मात बघितलं नव्हतं. मला आधी हसू फुटलं, पण आप्पांनी पत्राला घडी पडू नये म्हणून ते वहीत घालून आणलेलं बघून हसू तोंडातच राहिलं.

आता खरं सांगते, मी ते पत्र पाठवलं. शिकली-सवरलेली बाई, चांगलं वाईट कळणारी, मी त्याचं इंग्रजी करून, फोटो जोडून नगरपालिकेला पाठवलं. बुडत्याला काडीचा आधार. रात्रभर मला वाटत होतं, न जाणो, त्यांच्याकडंही चालत असेल, फक्त तसं उघड लिहीत नसतील. चार दिवसांनी उत्तर आलं: आपलं पत्र मिळालं, आभारी आहोत, प्रवेशासाठी अशी पत्रं विचारात घेता येत नाहीत, मूल या देशात आल्यावर अर्ज करावा.

आप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं. "सही कुणाची हाय?"

"कुणाचीच नाही. नुसतं 'प्रवेश विभाग' आहे."

"मंग खालच्या माणसानं लिवलंय. साहेबापत्तोर पत्र गेलंच न्हाई," आप्पा म्हणाले आणि ते प्रकरण त्यांच्यापुरतं तिथंच मिटलं.

शेवटी मी फोन करायचं ठरवलं. आपले संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडं दुपार. आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पोत्यांमध्ये, आवाज जरा कमी असतो. तिथं मी कागद घेऊन बसले, हे दारात उभे राहिले. लेक नुकतीच शाळेतून आली होती, ती एका पोत्यावर बसून केळं खात होती. फोनवर एक बाई आली. वयस्क आवाज, सावकाश बोलणारी, माझं इंग्रजी नीट ऐकून घेणारी. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मग म्हणाली, "मूल आज रात्री कुठं झोपणार आहे?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तिनं आणखी सोप्या शब्दांत तेच विचारलं. त्यांना म्हणे मूल खरोखर राहतं तो पत्ता लागतो, कागदावरचा नाही.

यांना तेवढं कळलं. हे हातवारे करून कुजबुजायला लागले, "तितंच हाय म्हण की! दवाखान्याच्या खोलीत. कोण बघायला येतंय?"

एक 'हो' म्हटलं असतं तर अर्ज आत गेला असता. मी लेकीकडं बघितलं. ती आज रात्री आजीच्या कुशीत झोपणार होती. माझ्या रात्रपाळ्या सुरू झाल्यापासून ती तिथंच झोपायची, आजीच्या पोटावर पाय टाकून. मला सुट्टी असली तरी अर्ध्या रात्री उठून तिकडंच जायची.

"ती इथं झोपणार आहे," मी म्हणाले, "भारतात. तिच्या आजीजवळ."

"मग ती इकडं आली की फोन करा," बाई म्हणाली. आवाज कोरडा नव्हता.

"शाळा मिळेल ना?"

"मिळेल. प्रत्येक मुलाला मिळते. कोणती आणि केव्हा, ते आज नाही सांगता येत. कधी दोन आठवडे, कधी त्याहून जास्त."

फोन ठेवला तर हे कपाळाला हात लावून उभे. "हरिश्चंद्राची बहीण!" म्हणाले. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम. बाहेर गादीवर आप्पा बसले होते, त्यांना जाऊन सांगितलं. मिळेल, पण केव्हा ते माहीत नाही.

"तवर लेकरू काय करणार?"

"घरी राहील. थोडे दिवस."

"म्हंजे ना हितं नाव, ना तितं नाव." त्यांनी हात पालथे केले. "न्हाई. आपल्याला जमणार न्हाई."

त्या रात्री जेवताना मी फुटलेच. म्हटलं, मी काय पोरीला जत्रेत सोडायला चाललेय का? परीक्षा दिल्या तेव्हा कुणी म्हटलं नाही, पेढे वाटले तेव्हा कुणी म्हटलं नाही, आता तिकिटं आल्यावर का म्हणून आठवलं सगळ्यांना? हे ताटात बघत बसले. आप्पा हात धुऊन उठून गेले. सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या भाकरी थापायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "तू जा खुशाल. पोरगी मी सांभाळते. तुझ्या रातपाळ्या होत्या तवा बी मीच सांभाळलीय."

टोमणा मारायचा म्हणून नाही म्हणाल्या त्या. खरंच सांभाळलं होतं. म्हणूनच लई लागलं. आणि मग मलाच काही कळेनासं झालं. मी तिला तिच्या भल्यासाठी नेतेय, का मला तिच्याशिवाय राहवणार नाही म्हणून नेतेय? इथं तिला शाळा आहे, आजी आहे, मैत्रिणी आहेत. तिथं काय आहे, तर एक महिन्याची खोली आणि 'केव्हा ते सांगता येत नाही.' एकदा वाटायचं आप्पाच बरोबर. अर्ध्या तासानं वाटायचं, काय बरोबर डोंबलाचं! आईशिवाय लेकरू ठेवणं कुठल्या शास्त्रात बरोबर? मी विमान कंपनीला फोन करून विचारून ठेवलं की एकच तिकीट ठेवून दोन रद्द करता येतात का. येतात म्हणाले. तेव्हापासून तर मला जेवणही जाईना.

लेकीचं आणखी वेगळंच. वर्गात सगळ्यांना कळलं होतं की ही जाणार. एका संध्याकाळी दप्तर टाकत तिनं विचारलं, "मम्मी, माझ्या मागची पोरगी म्हणायली तुझी पुढची जागा मला दे. देऊ का, का अजून मीच बसू?"

"बस अजून," मी म्हणाले.

"किती दिवस?"

सिस्टर म्हणून मी लोकांना काय काय सांगितलंय आयुष्यात. माणूस वाचणार नाही हेसुद्धा सांगितलंय. पण तिला म्हटलं, हातपाय धू आधी.

निघायला आठ दिवस राहिले असताना हेडमास्तरांचा फोन आला. "आप्पांना घेऊन या मॅडम. एक तजवीज सुचलीय."

आप्पांना वाटलं, मानानं बोलावलंय. इस्त्रीचं धोतर, टोपी, कपाळावर ताजी विभूती अशी स्वारी निघाली. शाळेच्या कार्यालयात टेबलावर कार्डांचा गठ्ठा होता. दिवाळीच्या तोंडावर आमच्या भागातली कितीतरी घरं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, पार कर्नाटकापर्यंत. लेकरं सोबत जातात. त्यांच्यासाठी शाळा एक कार्ड देते, शिक्षण हमी कार्ड. हे मूल अमुक शाळेचं, अमुक इयत्तेचं. जिथं जाईल तिथल्या शाळेनं दाखला न मागता बसवून घ्यावं. दारात एक बाई तिच्या पोरीचं कार्ड न्यायला थांबली होती, डोक्यावर पदर, कडेवर धाकटं.

"आप्पा," हेडमास्तर म्हणाले, "हे कार्ड दिलं की मागणीपत्र नको, दाखला नको. आणि मुख्य म्हणजे नाव आपल्या पटावरून निघत नाही. तुमचं काम ह्यात बसतंय."

आधी आप्पांच्या लक्षातच आलं नाही. मग कार्डावरचं वाचलं, आणि उठूनच उभे राहिले. "काय बोलायलाव गुरुजी तुमी? माजी नात उसतोड्याची हाय का?"

"तसं नाही आप्पा. ह्यावर लिहिलंय, 'स्थलांतर करणाऱ्या पालकांचे मूल.' ह्या मॅडम कामासाठी गाव सोडून चालल्यात का नाही? आमच्या लेखी तेच स्थलांतर."

खोटं कशाला बोलू, मलाही टोचलं. एवढ्या परीक्षा, एवढे पेढे, आणि शेवटी ह्याच गठ्ठ्यात आपलं कार्ड! दारातली बाई ऐकत होती. तिनं मला विचारलं, "बाई, तुमचं कोन्या कारखान्याला?"

"कारखाना नाही. दवाखाना," मी म्हणाले.

"लांब हाय?"

"लई लांब."

"लेकराला न्हेताय नव्हं संगं?" तिनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेला घेतलं. "म्या मागल्या साली थोरलीला ठिवलंतं आजीजवळ. कामात चित्तच लागंना बगा. औंदा न्हेते."

मला हुंदका आला. कुणाच्या समोर, कुठं, काही न बघता मी पदरात तोंड खुपसून रडले. दोन आठवडे मला जे कुणाला नीट सांगता आलं नव्हतं, ते ह्या बाईनं उभ्या उभ्या सांगून टाकलं. आप्पा माझ्याकडं बघत होते. त्यांनी मला रडताना त्या दिवसाआधी कधी बघितलं नव्हतं. मग ते खाली बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नाव निघत न्हाई म्हणता?"

"नाही निघत."

"पक्कं?"

"मी ह्या खुर्चीवर आहे तोवर कुणी काढत नाही."

"लिवा मंग," आप्पा म्हणाले.

हेडमास्तरांनी कार्ड ओढलं. लेकीचं नाव लिहिलं, इयत्ता लिहिली. पालकांच्या कामाचं ठिकाण ह्या रकान्यात 'इंग्लंड' लिहिताना ते क्षणभर थांबले, बाकीच्या कार्डांवर तिथं कारखान्यांची नावं होती. आप्पा वाकून एकेक अक्षर बघत होते. मग हेडमास्तरांनी पेन उचललं. "परत येण्याचा महिना?"

बाकीच्या कार्डांवर तो रकाना आधीच भरलेला होता, एकाखाली एक, एप्रिल, एप्रिल, एप्रिल. तेव्हा पट्टा पडतो, म्हणजे ऊस संपतो, आणि माणसं घरी येतात. माझा करार तीन वर्षांचा होता. तो आप्पांना माहीत होता, मीच त्यांना ओळन् ओळ वाचून दाखवला होता. पुढं काय, हे त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

"एप्रिल लिवा," आप्पा म्हणाले. "समद्यांचं एप्रिल हाय तर हिचं बी एप्रिलच लिवा."

हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी लिहिलं, शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि कार्ड आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी ते लांब धरून वाचलं, पुन्हा जवळ घेऊन वाचलं. मग माझ्याकडं वळून एकदम लहान आवाजात म्हणाले, "एप्रिल म्हंजे पाडव्याच्या आधी का नंतर गं, पोरी?"

"नंतर, आप्पा," मी म्हणाले.

त्याला आता दोन पाडवे होऊन गेले, आम्हा तिघांचे इंग्लंडातच.